पंधरा दिवसांची ठेव

सोने, पैका, खतपत्रे, फार तर परसातील नारळांची राखण, एवढ्या गोष्टी शेजाऱ्याने विश्वासाने आमच्या स्वाधीन कराव्यात आणि आम्ही त्या सांभाळाव्यात, यात आम्हांला आजवर कधी अवघड वाटले नव्हते. सोने पेटीत ठेवले म्हणजे ते पेटीतच राहते. ते मध्यरात्री उठून रडत नाही, पहाटे गडगा ओलांडून पळत नाही, आणि धन्याची वाट पाहत दारात बसून अन्नत्यागही करीत नाही. गतवर्षीच्या एप्रिल महिन्यात मात्र आमच्या पदरी जी ठेव आली ती चार पायांची, एका शेपटीची आणि अगणित उपद्व्यापांची होती.

आमच्या घराला लागूनच एका वृद्ध ख्रिस्ती दांपत्याचे घर आहे. दोन्ही घरांच्या मध्ये चिऱ्यांचा जुना गडगा असून तो एके ठिकाणी ढासळलेला आहे. त्यांची मुलगी इंग्लंडात असते. ती गरोदर होती. प्रकृतीत एकाएकी बिघाड झाला आणि आईवडिलांना तातडीचे बोलावणे आले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारी हातात साखळी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "सर, पंदराच दीस," ते म्हणाले, "आनी तो कोणाक चाबना."

यातील दुसरे आश्वासन अक्षरशः खरे ठरले. टायगर कोणालाही चावला नाही. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या विनोदबुद्धीचे आम्हांला कौतुक वाटते. तांबूस रंगाचा गावठी कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला, आणि धैर्य म्हणाल तर आभाळ गडगडताच पलंगाखाली शिरण्याइतके. परंतु चावणे हा एकच दुर्गुण जगात आहे असे जे कुत्र्यांचे धनी समजतात, त्यांनी आमच्या घरी त्या पहिल्या पंधरवड्यात येऊन राहावयास हवे होते. आमच्या मातोश्रींनी अंगणात भिरंडांची सोले वाळत घातली होती. टायगरने दुसऱ्याच दिवशी ती चटईसकट विहिरीपर्यंत ओढीत नेली. तिसऱ्या दिवशी आमची एक चप्पल गेली. चौथ्या दिवशी, बहुधा जोड फुटू नये या सद्‌भावनेने, दुसरीही गेली. सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर तर आमच्या वळणावर आला की दोन्ही पाय वर उचलून उतारावरून सुसाट निघून जाऊ लागला, कारण भोंग्याचा पहिला सूर कानी पडताच टायगर बाणासारखा त्याच्या मागे सुटे. वाड्यावरचे लोक आम्हांला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "सर, मुलांना शिस्त लावता, मग कुत्र्याला का नाही?" प्रश्न बिनतोड होता. आमचे उत्तर ठरलेले असे: "अहो, आपला नव्हे तो. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

पंधराचे तीस झाले. बाळ सातव्या महिन्यातच जन्मले आणि कित्येक आठवडे इस्पितळाच्या काचेच्या पेटीत राहिले. ते घरी आले न आले तोच आजोबा जिन्यावरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि लांबचा विमानप्रवास वैद्यांनी मना केला. यात दोष कोणाला द्यायचा? कोणालाच नाही. तरीही आमच्या मनात एक सल होता आणि तो येथे लपविण्याचे कारण नाही. दूरध्वनीवर दर वेळी "फुडल्या म्हयन्यांत" एवढेच उत्तर येई. आठ महिने लागतील असे कोणी प्रथमच सांगितले असते तर आम्ही नाही म्हटले असते काय? कदाचित म्हटले असते. म्हणूनच कदाचित कोणी सांगितले नसावे. मधल्या काळात मुलीने कुत्र्यालाच तिकडे नेण्याची चौकशी केली. ब्रिटनचा नियम असा, की भारतासारख्या देशातून कुत्रा न्यावयाचा तर प्रथम त्याच्या कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चकती बसवावी, मग रेबीजची लस द्यावी, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्त तपासून घ्यावे, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावे. विमानाचे भाडे वेगळेच. म्हाताऱ्याने तो विचार स्वतःच सोडून दिला.

आता आमचे मत सांगतो. टायगर मुळात उनाड नव्हता. त्याला उनाड केले ते आमच्या "पंधरा दिवसांनी". जो प्राणी उद्या जाणार, त्याला आज शिकवण्याचे श्रम कोण घेतो? परिणामी आमच्या एका घरात त्याच्यासाठी चार राज्यघटना अमलात आल्या. मातोश्रींच्या घटनेनुसार त्याने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता कामा नये. दुसरीत शिकणाऱ्या आमच्या कन्येच्या घटनेनुसार त्याची जागा तिच्या अंथरुणात होती. आमच्या सौभाग्यवती तो स्वयंपाकघराच्या दाराशी केविलवाणे तोंड करून बसला की बांगड्याचे डोके टाकीत, आणि तेथेच बसल्याबद्दल मातोश्री त्याला झाडूने हाकीत. आम्ही स्वतः सकाळी त्याला जांभळीच्या खोडाला बांधून शाळेत जात असू आणि सायंकाळी सोडीत असू. दिवसभर कोंडलेला तो जीव सुटताच वेड्यासारखा धावे आणि आम्ही म्हणत असू, पाहा, किती द्वाड! सोडले म्हणजे द्वाडपणा करतो म्हणून बांधायचे, आणि बांधल्यामुळे द्वाड होतो म्हणून अधिक बांधायचे, या चक्रात आम्ही तीन महिने घालविले. अध्यापनशास्त्राची पदवी पदरी असूनही घालविले, हे मुद्दाम नमूद करतो.

डोळे उघडले ते पोदेरामुळे. एके रविवारी आम्ही दूरध्वनीवर शेजाऱ्यांकडे तक्रारीच्या सुरात त्या पाठलागाची हकीकत सांगितली, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग म्हातारा हसू लागला. त्यांच्या घरी गेली सहा वर्षे रोज सकाळी पोदेर थांबे, चार पाव घेतले जात, आणि त्यांतील एक उंडा टायगरचा असे. भोंगा म्हणजे न्याहारी! रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचा कुत्र्यांवरील प्रयोग आम्ही अध्यापनशास्त्राच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. खाण्याआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्याच पावलोव्ह यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले हेही आम्हांला ठाऊक होते. दारात तोच प्रयोग रोज सकाळी चालू असता तो मात्र आम्हांला ओळखता आला नाही. जो प्राणी पाव मागत होता, त्याला आम्ही पाठलाग करणारा गुन्हेगार ठरवून साखळदंड घातला होता.

त्याच संभाषणात दुसरी गोष्ट कळली. आम्ही टायगरला बसावयास सांगण्यासाठी कोंकणी, मराठी, हिंदी आणि शेवटी निराश होऊन इंग्रजी, अशा चारही भाषा वापरून पाहिल्या होत्या. कोंकणी आमच्या घरची, मराठी आमच्या शाळेची. दोहोंपैकी एकीला तरी तो दाद देईल ही आमची समजूत. पण म्हातारा त्याच्याशी गप्पा कोंकणीत मारी आणि आज्ञा मात्र आपल्या लहानपणच्या शाळेतील पोर्तुगीजमध्ये देई. "सेंता म्हणा, सर." आम्ही दूरध्वनी कानाशी तसाच धरून अंगणाकडे वळून "सेंता!" म्हटले. तीन महिने ज्याने आमच्या चार भाषांचा उपमर्द केला तो टायगर तत्काळ, सैनिकाच्या तत्परतेने, खाली बसला. आमच्या कन्येने टाळ्या पिटल्या. आम्हांला मात्र थोडी लाज वाटली. महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच सरमा या देवशुनीच्या पिल्लाची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी आलेल्या त्या पिल्लाला राजाच्या भावांनी बडवून काढले. पिल्लाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. युधिष्ठिराने कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले ही कथा सर्वांच्या तोंडी असते, पण सरमेच्या पिल्लाची फारशी कोणी सांगत नाही. युधिष्ठिराच्या थोरवीविषयी आम्हांला शंका नाही. मात्र त्याला त्या कुत्र्याला भर पावसात साखळी धरून फिरवावे लागल्याचे व्यासांनी लिहिलेले नाही.

आमचे एक वकील मित्र आहेत. त्यांच्यापुढे हे रडगाणे गाताच ते म्हणाले, "अरे, ही तर ठेव!" आणि त्यांनी पुस्तकच काढले. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणे याला आपल्या धर्मशास्त्रात 'निक्षेप' म्हणतात, आणि मनुस्मृतीत वादाची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत त्यांत ऋणाच्या पाठोपाठ दुसरे स्थान याच निक्षेपाचे आहे. म्हणजे शेजाऱ्यांची ही कटकट बरीच प्राचीन दिसते. आजचा कायदा 1872 सालचा, भारतीय करार अधिनियम. त्याच्या 151व्या कलमाप्रमाणे, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी ठेवीची घेतली पाहिजे. 158व्या कलमाप्रमाणे मोबदला न घेता सांभाळणाऱ्याला आवश्यक खर्च धन्याने भरून द्यावा. 163व्या कलमात तर एका गाईचे उदाहरण आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर वासरूही धन्याला परत करावे लागते. टायगर नर असल्यामुळे तो प्रश्न उद्‌भवला नाही.

वकिलांनी हे गमतीने सांगितले. आम्हांला मात्र त्यापुढचे एक वाक्य लागले. 1960 सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. राज्यसभेच्या सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी मोठी खटपट केली, आणि पुढे 1962 साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या कायद्याचे तिसरे कलम कुत्रा कोणाचा आहे हे विचारीतच नाही. प्राणी ज्याच्या देखरेखीखाली वा ताब्यात आहे, त्या प्रत्येकाने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी ती सर्व तजवीज केली पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे "आपला नव्हे तो" हे आमचे ठरलेले उत्तर कायद्यापुढेही टिकणारे नव्हते. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात हयगय करणारा धनी गुन्हेगार ठरतो. आम्ही धनी नव्हतो, एवढ्यापुरते सुटलो. जांभळीच्या खोडाला दोरीने पडलेला खाचा आम्ही त्या संध्याकाळी जाऊन पाहिला.

येथे एक गोष्ट बोलावी की न बोलावी असा आम्हांला संकोच आहे. मुलांची तुलना कुत्र्याशी करणे कोणालाही रुचणार नाही, आणि आम्हांलाही करावयाची नाही. परंतु आम्ही शिक्षक आहोत, आणि आमच्या वर्गांत अशी मुले दरसाल येतात की ज्यांचे आईवडील आखातात, जहाजावर किंवा इंग्लंडात असतात, आणि ज्यांना मावशीकडे, आजीकडे, काकांकडे "थोडे दिवस" ठेवलेले असते. ते थोडे दिवस कधी दोन वर्षांचे होतात, कधी पाच. मावशी प्रेमळ असते. तरीही त्या घरात मुलाच्या पुस्तकांना फळी नसते, कारण मूल लवकरच जायचे असते. त्याला कोणी रागावत नाही, कारण ते परक्याचे. आणि कोणी मनापासून लाडही करीत नाही, कारण ते परक्याचे. मग शिक्षकदालनात आम्ही म्हणतो, काय खोडकर पोरगे! टायगर घरी येईपर्यंत आम्हीही तसेच म्हणत होतो.

असो. जुलैच्या अखेरीस आम्ही घरातल्या सर्वांना ओसरीवर बसवले आणि ठरविले, की टायगर कायमचा आपल्याकडे राहणार आहे असे समजून वागायचे. गेला तर गेला. चार घटनांची एक घटना झाली. तडजोड म्हणून ओसरी त्याची, माजघर मातोश्रींचे. कन्येने अंथरुणाचा हट्ट सोडला, मातोश्रींनी झाडू. पहाटे साडेपाचला आम्ही त्याला घेऊन मळ्याच्या बांधावरून तासभर फिरू लागलो. पावसाळ्यातील गोव्यात हे व्रत किती चिखलाचे असते ते ज्याचे त्याने जाणावे. पोदेर पुन्हा दारात थांबू लागला, आणि एक उंडा टायगरला मिळू लागला. लसीचा प्रश्न आला तेव्हा कळले, की लसीचे पुस्तक शेजाऱ्यांच्या कुलूपबंद कपाटात आहे आणि तारीख कधीच उलटून गेली आहे. गोव्यात 2014 पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालली आहे. अशा राज्यात एका शिक्षकाच्या घरचा कुत्रा लसीवाचून फिरावा हे शोभण्यासारखे नव्हते. ती नव्याने टोचून घेतली. सेंता या शब्दाच्या जोडीला आम्ही मराठीतील 'थांब' हा शब्द शिकविला. तो त्याने तीन आठवड्यांत आत्मसात केला. आमच्या काही विद्यार्थ्यांपेक्षा लवकर, असे म्हणण्याचा मोह आवरतो.

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. चतुर्थीला माटोळीची बांधणी चालू असता त्याने खाली ठेवलेल्या तोरिंजनांपैकी एक पळविले. सत्रपरीक्षेच्या एकोणीस उत्तरपत्रिकांवर तो चिखलाच्या पायांनी चालून गेला. त्या गुणांसह वर्गात वाटताना आम्हांला बरेच स्पष्टीकरण द्यावे लागले. नरकासुर जाळण्याच्या रात्री फटाके सुरू झाले तसा तो पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघाला नाही. पण या खोड्या आता आमच्या घरच्या होत्या. वाड्यावरच्यांनी तक्रार केली तर "पंधरा दिवसांचा प्रश्न" असे न म्हणता आम्ही माफी मागू लागलो आणि नुकसान भरून देऊ लागलो. एका मुलाचा फुटबॉल त्यात गेला.

ज्यांना परगावी जावे लागते त्यांना आमचे सांगणे इतकेच, की कुत्र्याची साखळी देताना त्याचे चरित्रही द्यावे. तो काय खातो, कशाला भितो, कोणत्या शब्दाला बसतो, लस केव्हा, कोणत्या वैद्याकडे. आणि परतण्याची तारीख ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असेच सांगावे. आमच्या भागात कुलूप लागलेली घरे वाढत आहेत. कित्येकांच्या फाटकाशी अजून कुत्री बसलेली दिसतात. कोणी कामवाली दोन दिवसांनी भात टाकून जाते, पुढे तीही येईनाशी होते. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून जाणे 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण त्या फाटकाशी कायदा वाचायला कोण जातो? त्यांच्या मानाने आमचे शेजारी शतपटीने भले, की त्यांनी साखळी कोणाच्या तरी हातात दिली. आणि ज्याच्या हातात ती येते त्याने, एकदा हो म्हटल्यावर, दिवस मोजीत बसू नये.

नाताळच्या आधी चार दिवस शेजारी परतले. म्हातारा काठी टेकीत गाडीतून उतरला. टायगर आमच्या ओसरीवर झोपला होता. त्याने मान उचलली, नाक वर केले, आणि गडग्याच्या खिंडारातून जो गेला तो त्या काठीसकट म्हाताऱ्याला बल्कांवावरील बाकावर बसवूनच थांबला. आठ महिन्यांच्या आमच्या संगोपनाची त्याने मागे वळून दखलही घेतली नाही. आमची कन्या आत जाऊन रडली. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो, निदान ते हातात धरून होतो.

संध्याकाळी शेजारी खर्चाचा हिशेब विचारावयास आले. वकिलांच्या सल्ल्याने आम्ही एक वही घातली होती: तांदूळ इतके, मासळी इतकी, साखळी एक. ती उघडली तर शेवटची नोंद 28 जुलैची निघाली. त्यापुढची पाने कोरी होती. लस, वैद्य, फुटबॉल, रोजचा उंडा, काहीच लिहिलेले नव्हते. कोऱ्या वहीवर पैसे कसे घेणार? म्हाताऱ्याने पाकीट परत खिशात ठेवले, इंग्लंडातून आणलेला चहाचा डबा तेवढा मातोश्रींपुढे ठेवला, आणि निघता निघता विचारले, "सर, तो 'थांब' म्हळ्यार थांबता. हें कोणें शिकयलें?"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सवयीने जाग आली. दार उघडले तर टायगर ओसरीवर उभा होता, फिरायला जाण्याच्या तयारीने. साडेसहाला परत आलो तो खिंडारातून पलीकडे गेला, कारण सात वाजता पोदेर तिकडे थांबतो. तेव्हापासून हा क्रम चालू आहे. गडगा बांधून काढण्यासाठी आम्ही नोव्हेंबरात एका गवंड्याला बयाणा दिला होता. तूर्त येऊ नकोस, असा त्याला निरोप धाडला आहे.